आतून कडी लागणारी व्हॅन

मी लालबागची मसाल्याची व्हॅन बोलतेय. जवळ या, पण रुमाल हाताशी असू द्या. मागाहून तक्रार चालणार नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. वाटायचं, आपण शाळेची मुलं नेणार, नाहीतर लग्नाची फुलं. पण नशिबात होते कुशाबाशेठ. लालबागला त्यांची मिरच्या कांडायची गिरणी आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या मागच्या सीटा उपटल्या आणि पोटात ब्याडगी आणि संकेश्वरीची पोती कोंबली. तेरा वर्षं मी दादर-परळ-गिरगावभर मसाला पोचवला. शुद्ध शाकाहारी म्हणून मिरवणाऱ्या कुठल्या घरी मटणाचा मसाला दरमहा किती जातो, हे मला पक्कं ठाऊक आहे. नावं मात्र मी सांगणार नाही, कारण धंद्याचीही काही लाज असते.

मग शेठनी नवा टेम्पो घेतला आणि मला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. काचेवर पाटी लागली, 'विकणे आहे'. माणसं येत, बॉनेट उघडत, काही कळत नसलं तरी आत डोकावून "हं" म्हणत. सगळं जुळत आलं की आत बसून बघत. आणि बसले की शिंकत.

मिरचीचा बुक्का माझ्या पत्र्याच्या सांध्यासांध्यात मुरलाय, त्याला मी काय करू? पण आपल्या लोकांना गाडी घेताना शिंक म्हणजे साक्षात यमाचा निरोप. प्रभादेवीचे एक गृहस्थ तर देवळातून थेट हार घेऊन आले होते. हार माझ्या गळ्यात पडला, त्यांना शिंक आली आणि त्यांनी तो हार काढून परत पिशवीत भरला. एवढा अपमान माझा ट्रॅफिक पोलिसानेही कधी केला नव्हता.

कुशाबाशेठनी फिनाईलने धुतलं, उदबत्त्या लावल्या. शेवटी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. मला! तेरा वर्षं जिच्या पोटात मिरची, तिला मिरचीने दृष्टीपासून वाचवणार! त्याच आठवड्यात त्यांनी कुर्ल्याच्या भंगारवाल्याला सोमवारची वेळ देऊन टाकली. खोटं कशाला बोलू, मी टरकले.

रविवारी सकाळी तिघं आली. रमाकांत हे गिरगावातल्या छापखान्यातून निवृत्त झालेले बाइंडर, त्यांची बायको मीनाक्षी, आणि भाचा वैभव. वैभव मोबाइलवर शंभर व्हिडिओ बघून गाड्यांचा डॉक्टर झाला होता.

"शेठ, गाडी आधीच चालू करून गरम केली नाही ना?" त्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "थंड गाडी कशी उठते ते बघायचंय."

मग त्याने खिशातून लोहचुंबक काढलं आणि माझ्या अंगभर फिरवलं. चिकटलं तर पत्रा, गळून पडलं तर पोचा बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. एका जागी पडलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. बायकांचं वय असं चारचौघांत काढू नये.

"मामा, एवढंच आहे रे बाबा, बाकी टकाटक. शीव कोळीवाड्याची आठव. चटई उचलली तर खाली डायरेक्ट रस्ता!"

ती म्हणे मासळीची गाडी होती, बर्फाच्या खाऱ्या पाण्याने तळ खाल्लेला. त्यानंतरची एक छपराने इतकी ठेंगणी होती की रमाकांत आत शिरले आणि नमस्काराच्या अवस्थेतच बाहेर आले. माझं छप्पर उंच आहे. रमाकांतांनी वर्तमानपत्र अंथरलं आणि शेठच्या देखत माझ्या पोटात सरळ आडवे झाले.

"पाय पुरतात गो," ते म्हणाले. "ये, तू पण बघ."

"अहो, रस्ता आहे हा!" मीनाक्षीबाई म्हणाल्या, आणि डोक्यावर पदर घेऊन शेजारी आडव्या झाल्या. कुशाबाशेठ सभ्य माणूस, आकाशाकडे बघत राहिले.

त्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. चाळीत एक खोली. लग्न झालं तेव्हा तिथे सासू-सासरे, दोन दीर आणि एक नणंद. ती मंडळी पांगली तोवर यांची मुलं मोठी झाली. थोरल्याचं लग्न झालं तेव्हा फळीचा आडोसा त्या दोघांना दिला. आता रमाकांत बाहेर गॅलरीत झोपतात, मीनाक्षीबाई मोरीजवळ नातवाला घेऊन. बत्तीस वर्षांच्या संसारात या दोघांना एकदाही आपलं दार लावून बसता आलं नव्हतं. म्हणून ही गाडी हवी होती. आत बिछाना, शेगडी, दोन खिडक्या, आणि वाटेल तिथे उभं राहायचं. लोकांना डोंगरदऱ्या बघायला असली गाडी लागते. यांना फक्त लोक दिसायला नको होते.

"घेऊ या," असं म्हणायला रमाकांत उठून बसले. "घे" एवढंच बाहेर पडलं आणि त्यांना सणसणीत शिंक आली.

त्यांचा चेहराच उतरला. त्यांच्या घरात शिंकेला फार मान होता. वऱ्हाड निघताना आत्या शिंकली म्हणून त्यांच्या लग्नाचा मुहूर्त टळला होता.

"राहू दे," ते म्हणाले. "सुरुवातीलाच नाट लागला."

"अहो, अजून एक येऊ द्या, जोडशिंक चालते," शेठ काकुळतीला आले. वैभवने नाकात कागदाची सुरळी घालून पाहिली, पण ऐन वेळी त्याला शिंक येईना. मी मनातल्या मनात कुर्ल्याचा रस्ता आठवू लागले.

तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं. मला वाटतं शेठच्याच. "वहिनी, तुम्ही मघापासून आत आहात. तुम्हाला कसं काही होत नाही?"

"मला काय होणार? परळच्या गिरणीत बावीस वर्षं मिरच्यांची देठं खुडली मी." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. आवाज अगदी हळू, शेजारी कुणी झोपलं असावं तसा. "दिवसाला शंभर शिंका ऐकल्यात. एकीवर जरी हात थांबवला असता ना, तर पोरांची शाळा सुटली असती. तुम्हाला मुहूर्त हवाय. मला आतून कडी लागणारं दार हवंय. मी आता चोपन्न वर्षांची आहे. अजून किती थांबू?"

रमाकांतांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि माझ्या दाराला कडी कुठे बसेल ते मोजलं. मग म्हणाले, "शेठ, कागद काढा."

मी रडले असते, पण वायपरचं पाणी संपलं होतं.

पुढचे चार महिने माझी आंघोळ, मालिश, सुतारकाम. मीनाक्षीबाईंनी आधी कोरड्या कोंड्याने मला घासून काढलं, पाणी मागाहून लावलं. तेरा वर्षांत हे गिरणीच्या मालकाला सुचलं नव्हतं. वैभव आरटीओच्या खेपा घालून दमला. फळीचा बिछाना झाला, पडदे झाले. दाराला पितळी कडी बसली, तीही आतून.

पहिला मुक्काम कुठे केला असेल? कोकणात नाही, गोव्यात नाही. वरळी कोळीवाड्याच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला, बुधवारी दुपारी. मीनाक्षीबाईंनी दार ओढलं, कडी घातली आणि दोघं बिछान्यावर बसली. मी म्हटलं, आता आपण काचांवर पडदे ओढून सभ्यपणे समुद्राकडे बघावं.

"चहा टाकू?" त्या कुजबुजल्या.

"अगो, मोठ्याने बोल की. कोण आहे इथे?"

त्या थबकल्या. दाराकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला.

"माझी शिलाई मशीन तुमच्या ताईला का दिलीत?" माझ्या काचा हादरल्या. "चौऱ्याण्णव साली! मला न विचारता! माझ्या बापाने दिलेली!"

"अगो, ती माझ्याकडे रडली होती..."

"मी नव्हते रडले? तेव्हा आई झोपल्या होत्या म्हणून गप्प बसले! मग पोरांचा अभ्यास म्हणून गप्प! मग सून नवी म्हणून गप्प!"

रमाकांतांचाही आवाज चढला. त्यांच्याकडेही साठा होता. बघता बघता माझ्या पोटात असा खडाजंगीचा तमाशा उभा राहिला, की मिरची फिकी पडावी. मध्येच काचेवर टकटक झाली. टोपली घेतलेली एक कोळीण आत डोकावत होती.

"काय झाला गो बाय? मारतंय का तुला?"

मीनाक्षीबाईंनी काच दोन बोटं खाली केली. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, आणि अशी हसत होती ती बाई, की मला माझं सगळं आयुष्य कारणी लागल्यासारखं वाटलं.

"नाही गो मावशी. आम्ही भांडतोय. पहिल्यांदाच," म्हणाल्या आणि काच वर केली.

तर मंडळी, एवढंच मागणं. कुठे रस्त्याच्या कडेला पडदे ओढलेली एखादी जुनी व्हॅन दिसली आणि आतून आरडाओरडा ऐकू आला, तर मध्यस्थी करायला येऊ नका. आत्ता कुठे ते शहाण्णव सालापर्यंत पोचलेत.