चुन्याच्या रेषेआत

चिठ्ठीशिवाय पोरगं सोडता येत नाही, असं पंतोजींनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा पार्बताबाईनं शिदोरी पोराच्या हातात कोंबली.

गोष्ट साधी होती. तिची लेक सत्यवती अंजनगावला सासरी होती. पहिलटकरीण, सातवा महिना सरत आलेला. माहेराहून मुराळी न्यायला आला तरच सासू पाठवणार, आणि मुराळी म्हणजे माहेरचा पुरुष. बाप कापसाच्या गाड्यांसोबत महिनाभर खामगावच्या वाटेवर. उरला बारा वर्षांचा भाऊ सूर्यभान. शेजारच्या नत्थुजीची बैलगाडी आज रिकामी अंजनगावला जाऊन उद्या सुट्टा कापूस भरून परत येणार होती. पोटुशा बाईला त्या वाटेवर याहून मऊ बसणं अख्ख्या वऱ्हाडात नव्हतं. गाडीही दुसरी नव्हती. बाकीच्या सगळ्या व्यापाऱ्यांनी दिवाळीआधीच कापसासाठी अडवून ठेवल्या होत्या. ही जाणार हे कळेपर्यंत सूर्यभानची शाळा भरली होती. आणि आठवा लागला की सासू उंबरा ओलांडू देणार नव्हती.

शाळा भरायची एका व्यापाऱ्याच्या वखारीत. सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली नि इथं कापसाला सोन्याचा भाव आला, तशी पोरं पाट्या टाकून वेचणीला पळू लागली. मग वरच्या साहेबानं कायदा धाडला: शाळा भरल्यावर पालकाच्या लेखी चिठ्ठीशिवाय कुणी हद्दीबाहेर जायचं नाही. हद्द दिसावी म्हणून पंतोजींनी वखारीभोवती चुन्याची रेषा ओढली. विहीर रेषेबाहेर पडली. आठ दिवस पोरं तहानलेली होती, पण हजर होती.

"मले लिवता येत नाही," पार्बताबाई म्हणाली. "तुमीच लिवा, मी आंगठा देतो."

"मी मलाच अर्ज कसा लिहू, बाई?" पंतोजी पुण्याकडचे होते, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "मग तो मंजूरही मीच करायचा?"

"मंग हा लिवते. त्यासाठीच तं धाडला शाळेत."

"अक्षर छान आहे त्याचं. पण विद्यार्थ्याच्या हातची चिठ्ठी चालत नाही."

"गावात मंग लिवता येते कोणाले?"

पंतोजींनी प्रामाणिकपणे विचार केला. "पटवाऱ्यांना. ते उमरावतीला गेलेत. शनिवारी येतील."

"म्हंजे मायबापाले लिवता येत नसन तं पोरानं इथंच मरावं?"

"नाही नाही. पाच वाजता शाळा सुटते."

समोरच्या चिंचेखालून नत्थुजी ओरडला, "वहिनी, बैल जुपले! व्यापारी माह्या बापाचा नोकर नाही, आता निंगतो मी!"

सूर्यभान रेषेला पायाची बोटं लावून उभा होता. एक बोट किंचित बाहेर गेलं. पंतोजींनी ते पाहिलं. बोट आत आलं.

तेवढ्यात आठ गाड्या घेऊन वखारीच्या मालकाचा मुनीम आला. "चला, वखार खाली करा. मालकाचा हुकूम आहे."

"अहो, मुलं आहेत आत!"

"मग काय कापूस उन्हात ठेवू?"

शाळा मारुतीच्या पारावर न्यायची ठरली. पण तो होता रेषेबाहेर, पोरं बत्तीस, आणि चिठ्ठी एकाचीही नाही. पंतोजींनी कपाळ पुसलं, चुन्याची बादली उचलली आणि वखारीपासून पारापर्यंत दोन रेषा ओढल्या, बोळासारख्या.

"हद्द वाढवली," ते म्हणाले. "किती असावी हे कायद्यात नाही."

पोरं त्या बोळातून एकामागे एक निघाली. मधेच एक म्हैस हद्दीत शिरली. आत यायला चिठ्ठी लागत नव्हती.

पार्बताबाईनं पदर खोचला. तिचा नवरा इथं असता, तर ते पाहूनच वावरात निघून गेला असता. तिनं पंतोजींच्या हातून बादली हिसकली.

"अहो बाई, सरकारी चुना आहे तो!"

"तुमची शाळा जाते, अन् माहं एक पोरगं जात नाही?"

कंबरेत वाकून, बादली पायानं सरकवत, तिनं वखारीच्या रेषेपासून चिंचेकडं दोन रेषा ओढायला घेतल्या. एका हातानं एक, दुसऱ्या हातानं दुसरी. मधून सूर्यभान, जीव मुठीत आणि शिदोरी काखेत धरून. गाडी दहा हातांवर राहिली आणि चुना संपला.

"संपली हद्द," पंतोजी मागून म्हणाले.

"भाऊजी, गाडी मांगं घ्या."

"वहिनी, बैल काय मांगं चालते? चार पावलं पोरगं चालन तं..."

"घ्या म्हणतो ना!"

नत्थुजीच्या आधी ते बैलांना कळलं. गाडी कुरकुरत दहा हात मागं सरकली. सूर्यभाननं रेषेआतून उडी मारली ती थेट गाडीच्या साटीत. भुईला पाय लागला नाही. पंतोजी वाकून बघत होते.

"नाव कमी करीन त्याचं!"

"करा! अन् कमी केल्याची चिठ्ठी द्या मले. तुमाले येते ना लिवता!"

गाडी निघाली, तशी पार्बताबाई चाकासोबत धावली. "सूर्या, तिले कापसात मधोमध बसवजो! काठाले नाही! अन् सासू म्हणन चार दिसांनी नेजो, तं उठू नको तिच्या दारातून! जेवू नको, पाणी पिऊ नको, बसून राहाजो!"

"अन् हाकललं तं, माय?"

"तं मी येतो."

गाडी वळणाआड गेली. लोक बघत होते. तिनं रिकामी बादली पंतोजींच्या पायाशी आदळली आणि वावराकडं वळली. राग अजून सगळाच्या सगळा शाबूत होता. उद्या दिवेलागणीला सत्यवती धडपणे गाडीतून उतरेपर्यंत तो तिला खाली ठेवायचा नव्हता.