घोडीने ओळखलेला लांडगा

घोडेबाबाच्या तीन बरगड्या मोडल्या आणि चमत्कार संपला. पण असं काही घडलंच नाही. पंचनाम्यात बाबा ‘ओट्यावरून घसरून पडले’ असं आहे. आमच्या गावात एकही ओटा नाही, तो भाग वेगळा.

तर, न घडलेली गोष्ट अशी. बुटीबोरीच्या अलीकडच्या आमच्या गावाबाहेर, माळावर, भर दुपारी सगळं गाव जमलं होतं. आठवड्यात बऱ्याच शेळ्या फाडल्या गेल्या होत्या. बाबाचं निदान पक्कं होतं: गावातलाच एक माणूस लांडगा होतो. त्याला घोडामाता, म्हणजे बाबाची पांढरी घोडी, ओळखणार होती. ती घोळक्यातून फिरायची आणि लांडगा समोर आला की पुढचे दोन्ही पाय वर करायची. मागच्या गावात म्हणे तिने तिघांना ओळखलं. तिघेही अजून दवाखान्यात असल्यामुळे पुरावा भक्कम होता.

बाबाचा चेला पिंटू ढोल बडवत होता. घोडी फिरत फिरत शालिकरामपुढे आली, ढोलाचा ठेका बदलला आणि पाय वर.

शालिकराम म्हणजे लांडग्यांच्या बिळात धूर करू न देणारा माणूस. त्याच्याच हट्टामुळे गावाने निम्मा माळ लांडग्यांना सोडला होता.

“दात पाडा याचे!” बाबा गरजला. “लांडगा दातात राह्यते!”

नत्थूजी शालिकरामचे जिवलग, म्हणून पहिल्या दगडाचा मान त्यांना मिळाला. “वाईट वाटून घेऊ नको गा शालिक, गावासाठी करून राह्यलो,” म्हणत त्यांनी हाणला. दोन दात मातीत पडले.

“मुडद्यांनो, सोडा त्याले!” शालिकरामची बायको मनकर्णा मध्ये धावली. तिच्या कपाळावर काठी बसली. लांडग्याची बायको लांडगीणच, हे शास्त्र जागेवरच तयार झालं.

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून भूमिका धावत आली. तीन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं आपल्या मेलेल्यांसोबत घोडे का पुरत, यावर ती नागपूरहून येऊन संशोधन करायची आणि शालिकरामसोबत लांडगे मोजायची. तिने आधी घोडीचे कान पाहिले. दोन्ही कान ढोलाकडे वळलेले.

“ढोल बंद करून फिरवा हिला!”

“ढोलाबिगर माता येत नाही, म्याडम,” बाबा म्हणाला.

“काहून? लांडगा कानाने ओळखते का ती?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. हसणाऱ्या माणसाला नेम धरता येत नाही, म्हणून दगड थांबले. ढोलही थांबला. घोडी शालिकरामवरून सरळ पुढे गेली आणि बाबाच्या गळ्यातला झेंडूचा हार खाऊ लागली.

भूमिकाने पिंटूचा ढोल ओढून घेतला. घोडीने पाय वर केले तेव्हा त्याने बदललेला ठेका तिने लांबूनच ऐकला होता: वरातीचा. तोच तिने वाजवला. घोडीचे पाय वर गेले आणि खाली आले ते बाबाच्या छातीवर. कडकन आवाज झाला.

“अबे, बाबाच लांडगा आहे!” नत्थूजींनी तोच दगड पुन्हा उचलला. बाबाचाही एक दात गेला. आता भूमिकाला बाबापुढे आडवं व्हावं लागलं.

“अरे, हाही लांडगा नाही! साधा खोटारडा आहे!” तोवर एक दगड तिच्या खांद्यात बसला होता.

पुढचा नंबर आपला, हे पिंटूला कळलं. “मारू नका जी! वरातीची घोडी आहे, नागपूरच्या रामदासपेठेतल्या लग्नांत नाचे. हा ठेका वाजला का पाय वर करते. बाबा इशारा करे, मी ठेका बदलवो!”

“मंग शेळ्या कोनं खाल्ल्या?” नत्थूजींनी विचारलं.

शालिकराम रक्त थुंकला. “लांडग्यानं. लांडगा आहे ना गा तो.”

एवढं साधं उत्तर गावाला आधी सुचलं नव्हतं. म्हणून सांगतो: चमत्कार दिसला की आधी ढोल थांबवून पाहा. माणूस काय, नंतरही मारता येतो. पण ढोल थांबल्यावर बहुधा मारायला कोणी उरत नाही.

सबब, ग्रामपंचायतीस विनंती की, गावहितार्थ पाडण्यात आलेल्या शालिकराम यांच्या दोन दातांच्या बदल्यात, ज्यांनी पाडले त्यांच्याच तोंडातले दोन काढून, मूळ जागी विनाविलंब बसवून मिळावेत.