मरीमायची कोंबडी

कोंबडीच्या गळ्याखाली, छातीच्या किंचित उजवीकडे, अन्नाची पिशवी असते. दिवसभर टिपलेले दाणे त्यात साठतात आणि रात्रीतून पोटात उतरतात, त्यामुळे सकाळी ती रिकामी लागायला हवी. आमच्या कोंबडीची त्या सकाळी भरलेली होती. आकार मोठ्या लिंबाएवढा, स्पर्श भिजवलेल्या कणकेसारखा. बोटाने दाबल्यावर खड्डा पडला आणि हळूहळू भरून आला.

"काय झालं वं तिले?" सासूबाईंनी ओट्यावरून विचारलं.

"अन्न अडकलंय, आई. खाली उतरत नाही."

"मरन का?"

"उपचार नाही केले तर."

सासूबाई, म्हणजे सुनंदाबाई, उठून आत गेल्या आणि स्वतःची शाल घेऊन आल्या. आषाढ नुकता लागला होता, पण शाल लागेल इतकी थंडी जळगावात आषाढात पडत नाही. तरी कोंबडीला शाल मिळाली.

या कोंबडीला नाव नाही. नवसाच्या जिवाला नाव ठेवू नये असं आई म्हणतात. घरात तिला 'देवीची' म्हणतात. माझा मुलगा पियुष सहावीत असताना त्याला डेंग्यू झाला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे त्याच्या प्लेटलेटचे आकडे मला इतरांच्या आधी कळायचे. हा फायदा नव्हता. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये आईंनी जामनेरजवळच्या आमच्या गावच्या मरीमायला कोंबडी बोलली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या वेळी कुणी हत्ती बोलला असता तरी मी मान हलवली असती.

पियुष बरा झाला. एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, मरीमायच्या पायाला लावून आणली आणि आषाढात बळी द्यायची म्हणून तिच्या नावाने सोडली. एकदा सोडलेला जीव बदलता येत नाही, दुसरी कोंबडी चालत नाही. शिवाय जिवात खोट असलेली चालत नाही. हे दोन नियम आईंना पाठ होते, आणि दुसऱ्याचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला.

पहिल्या आषाढात कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली होती. पुढच्या वर्षी तिची पिसं झडली. मग मामंजी गेले, त्याचं सुतक. मग लॉकडाऊन. मग बर्ड फ्लूची साथ. मग ती डाव्या पायाने लंगडायला लागली. ते लंगडणं आईंना दिसायचं, मला दिसायचं नाही, पण मला कुणी विचारलं नाही. मामंजींच्या मागे आई जळगावात पिंप्राळ्याला आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा एसटीत मांडीवर पाटी आणि पाटीत कोंबडी होती. कपड्यांची पेटी मागाहून आली.

नवस मात्र त्या विसरल्या नव्हत्या. पियुष आता धुळ्याला फार्मसी शिकतो. त्याला तिथे शिंक आली की आई इथे कोंबडीकडे बघतात. फेडायचं राहिलेलं देवी पोरावर काढेल, ही भीती त्यांच्या मनात खरी होती, तिला हसण्यासारखं काही नव्हतं. आणि रोज संध्याकाळी कोंबडी त्यांच्या पायाशी येऊन बसायची, हेही खरं होतं. दोन्ही गोष्टी एकाच बाईला इतकी वर्षं सांभाळायच्या होत्या.

मी कोंबडीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते.

"किती पक्षी आहेत फार्मवर?"

"एकच आहे. घरी."

"वय?"

"सात वर्षं."

"मुलाचं नाही हो, कोंबडीचं."

"कोंबडीचंच."

त्यांनी पेन खाली ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं. मग पिशवी चेपायची कशी ते दाखवलं, आत जंतू वाढू नयेत म्हणून औषध लिहून दिलं आणि म्हणाले, "खाण्यासाठी ठेवली असेल तर औषध संपल्यावर पंधरा दिवस थांबा. मांसात अंश राहतो."

"नवसाची आहे," मी सांगितलं.

"मग देवीलाही थांबायला सांगा."

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. आईंचा चेहरा उजळला. "बघ, डॉक्टर म्हनते थांबा. मी थोडीच म्हनते."

त्यानंतर आमच्याकडे कोंबडीची सेवा सुरू झाली. दाणे बंद. ड्रॉपरने थेंब थेंब तेल, वर कोमट पाणी. दिवसातून तीनदा पिशवी वरून खाली हलक्या हाताने चोळायची. हे काम आईंनी घेतलं. टीव्हीवर मालिका लावून, कोंबडी मांडीवर घेऊन, त्या अंगठ्याने चोळत बसायच्या आणि मालिकेतल्या सासूला शिव्या द्यायच्या. कोंबडीने त्या आठवड्यात बरंच काही ऐकलं.

शेजारच्या सूरजबाई रोज कुंपणापाशी चौकशीला यायच्या. त्या जैन, त्यांच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही. कोंबडीचं नाव देवी आहे असा त्यांचा समज होता.

"देवी कैसी है आज? पाणी घेते का?" त्यांची भाषा निम्मी मारवाडी वळणाची हिंदी, निम्मी मराठी. "ज्योत्स्ना, तुझ्या सासूसारखी जीवदया मी पाहिली नाही. मी स्थानकात, प्रवचनानंतर, सगळ्यांना सांगितलं."

"काय सांगितलं?" आईंनी विचारलं.

"की म्हाताऱ्या जिवासाठी ही बाई शाल देते. महाराजसाहेब पण खूश झाले."

आई खाली बघून कोंबडीची पिशवी चोळू लागल्या. त्या कशासाठी तिला बरी करत होत्या ते सांगायची ती वेळ नव्हती. सूरजबाईंनी कोंबडीसाठी मुगाचं पाणी दिलं. ते तिने आवडीने प्यायलं.

हळूहळू पिशवी मऊ झाली, मग लहान. एका सकाळी मी हात लावला तर रिकामी होती. कोंबडी बरी झाली, आणि त्यामुळे घरात चिंता पसरली.

आईंनीच घोळ केला. औषध संपून बरेच दिवस झाले होते आणि कोंबडीने, दीड वर्षात पहिल्यांदाच, अंडं दिलं. आनंदाच्या भरात आईंनी गावी आपल्या दिराला, जीवराम नानांना, फोन लावला. "भाऊ, देवीचीनं अंडं देल्लं!" एवढं बोलून होतं न होतं तोच पलीकडून नाना म्हणाले, "म्हनजे ठनठनीत हाये. आखाड सरला नाई अजून. मंगळवारी येतो घ्यायले."

सोमवारी पियुषचा फोन आला. घसा दुखत होता, अंग थोडं गरम होतं. मी मिठाच्या गुळण्या सांगितल्या. आईंनी त्या रात्री जेवण केलं नाही.

मंगळवारी सकाळी नाना आले. चहा घेतला, कोंबडी न्यायला आणलेली पिशवी झटकली. कापडी, सुताची, खालच्या दोन्ही कोपऱ्यांना हवेसाठी भोकं पाडलेली.

"हिथंच विचारून घेऊ," नाना म्हणाले. "तिथं नेऊन नाई म्हनली तं खेप वाया."

विचारणं म्हणजे डोक्यावर पाणी टाकणं. जिवाने अंग झटकलं तर देवीने घेतला, तो स्वतः हो म्हणाला.

"जोत्स्ना," आई हळूच म्हणाल्या, "पानी पडलं का झटकतेच का वं?"

"झटकतेच, आई. कोणताही पक्षी झटकतो."

नानांनी तांब्याने पाणी टाकलं. कोंबडी उभी राहिली. पाणी तिच्या तुऱ्यावरून चोचीवर आलं, तिथून खाली ठिबकलं. तिने एक डोळा मिटला. आम्ही तिघं वाट पाहत होतो. कुंपणापलीकडे सूरजबाईही होत्या.

"आंघोळ घालता का?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

"ऐकू येत नसन तिले," नाना म्हणाले आणि आणखी पाणी टाकलं. या वेळी तिने अंग फुगवलं आणि मानेपासून शेपटापर्यंत असं झटकलं की नानांच्या चष्म्यावर थेंब उडाले.

"हो म्हनली," नाना चष्मा पुसत म्हणाले.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "औषीद हाये ना अजून तिच्या अंगात?"

मी आदल्या दिवशीच तिला तपासलं होतं. डोळे, नखं, पंख, पाय. खोट सापडावी अशी इच्छा धरून तपासलं होतं. आजवर मी खोटा रिपोर्ट दिलेला नाही, आणि त्या वेळी तो द्यावासा वाटला नाही असंही म्हणता येणार नाही.

"नाही, आई," मी म्हटलं. "पंधरा दिवस उलटून गेले. आता काही नाही."

"पायबी नाई दुखत?"

"नाही."

नानांनी पिशवीचं तोंड उघडलं. कोंबडी ओल्या पायांनी चालत जाऊन आईंच्या लुगड्यापाशी उभी राहिली. लुगड्याचा काठ भिजला. आईंनी खाली पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं.

"भाऊ, पिशवी घडी करा."

"वहिनी, ते हो म्हनली. तुमच्या डोळ्यांदेखत."

"हो म्हनली. पाह्यलं मी."

"मंग? पोराचं काय? त्याले ताप हाये ना?"

आई बोलल्या ते मोठ्याने बोलल्या, सूरजबाईंना कुंपणापलीकडे स्पष्ट ऐकू गेलं.

"बोलली मी होती. पोरगं नाई बोललं, कोंबडी नाई बोलली. मरीमायले जाऊन सांगा, जे काय फेडून घ्यायचं असन ते सुनंदाच्या जिवावर घे. ही कोंबडी मी देत नाई."