वटवट्या रविवारी जास्त बोलतो

आमच्या तळ्याकाठच्या उद्यानाच्या फाटकावर चौदा नियमांचा फलक आहे. चांगला माणसाच्या उंचीचा, हिरव्यावर पांढरी अक्षरं, चष्मा न लावता वाचता येतील एवढी मोठी. तो कुणीही वाचत नाही. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात आणि मग माझ्या खिडकीशी येऊन विचारतात, "मॅडम, इथे काय काय चालतं?" अहो, तुमच्या पाठीमागे लिहिलंय सगळं! बदकांना खायला घालू नका, पाण्यात उतरू नका, गाणी लावू नका. परवा एका बाईंनी विचारलं, पक्षी किती वाजता सोडता? मी म्हटलं, सकाळी सहाला सोडतो, संध्याकाळी मोजून आत घेतो. त्यांनी मान डोलावली आणि घड्याळ बघितलं.

मी इथली सुविधा पर्यवेक्षक. म्हणजे स्वच्छतागृहात पाणी नसलं की मी, बाक मोडला की मी, पिण्याच्या पाण्याचा नळ गळला की मी. लोक सूचना वहीत जे काही खरडतात त्याला उत्तर द्यायचं, तेही मीच. नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत माझा आवाज चढला, रक्तदाब चढला, पद मात्र आहे तिथेच आहे.

पण आलेली माणसं एक वेळ परवडली, दोन तासांनी जातात तरी. माझ्या डोक्याला खरा ताप आहे तो माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचा. दादाने अठ्ठावीस वर्षं छापखान्यात मोठ्या मशीनवर काढली आणि त्या मशीनने त्याच्या कानांची वाट लावली. वहिनी गेल्यापासून तो माझ्याकडे राहतो. रोज माझ्याबरोबर उद्यानात येतो आणि दिवसभर निरीक्षण कुटीत बसतो. कुटी म्हणजे पाण्याच्या कडेला बांधलेली लाकडी खोली. तळ्याच्या बाजूला लांबलचक खिडकी, पाठीमागे दार, आत दोन बाक. तिथे लागू होतो नियम नववा: शांतता राखा, कुजबुजही करू नका. आणि तिथेच बसतो माझा भाऊ, ज्याची कुजबुज फाटकापर्यंत ऐकू येते.

"अगं, आला बघ! डावीकडे, डावीकडे!" असा तो आतून गरजला की अर्धं तळं रिकामं व्हायचं. मागोमाग गळ्यात कॅमेरे अडकवलेली मंडळी माझ्याकडे. "त्या काकांना जरा सांगा की हो." काय सांगू, कपाळ! सांगितलेलं ऐकू यायला नको?

कान तपासून घे म्हटलं की त्याला राग यायचा. "माझ्या कानांना काय धाड भरलीय?" आणि लगेच शर्टाच्या खिशातली छोटी डायरी बाहेर. वटवट्या म्हणून एक पक्षी आहे आमच्याकडे, बोटभर, सदा पाणगवतात दडलेला. त्याचं ते किर्र-किर्र. दादा त्याची मोजदाद ठेवायचा. "हे बघ. सोमवारी सहा वेळा बोलला. शनिवारी सत्तावीस. रविवारी एकेचाळीस! एवढ्याशा जिवाचा आवाज मला ऐकू येतो, आणि तू मला बहिरा म्हणतेस?"

"रविवारी बरा एवढा बोलतो तो?"

"रविवारी खुशीत असतो."

पक्ष्याला सुट्टी कळते म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालायला मला पगार मिळत नाही. शिवाय मलाही वाटायचं, येत असेल बाबा ऐकू. काही आवाज येतात, काही नाही, असंही असतं म्हणे.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मागच्या गुरुवारी त्याच्या लेकीचा मला फोन आला. ती लांब राहते, आगगाडीने एक आख्खा दिवस. एकुलती एक. फोनवर रडत होती.

"आत्या, बाबा माझ्यावर रागावलेत का गं?"

"का? काय झालं?"

"मी त्यांना सांगितलं, पोटात गाठ निघालीय, पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन आहे, मला भीती वाटतेय, तुम्ही या ना. तर म्हणाले, 'छान, छान. मजा कर.' आणि फोन ठेवला."

तिला म्हटलं, अगं वेडे, त्यांना ऐकू आलं नसेल. तर म्हणते, "रोज पक्ष्यांचे आवाज मोजतात ते आत्या, स्वतः सांगतात मला. मग माझंच ऐकू येत नाही का?"

घरी गेल्या गेल्या मी दादाच्या कानाशी ओरडले. ऑपरेशन आहे तिचं! शुक्रवारी! गाठ आहे पोटात!

"काहीतरीच," दादा म्हणाला. "सहलीला चाललीय ती. शुक्रवारी स्टेशनवरून निघणार, मग घाट. मी स्वतः ऐकलंय."

"घाट नाही, गाठ!"

"तेच म्हणतोय मी. घाट."

भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं. त्याचा माझ्यावर विश्वास नाही, आणि तो का नाही हेही मला ठाऊक आहे. चष्म्याचा नंबर काढायला म्हणून मी त्याला एकदा कानाच्या डॉक्टरच्या दारात नेऊन उभं केलं होतं. तेव्हापासून माझं प्रत्येक बोलणं म्हणजे कारस्थान. कागदावर लिहून दाखवलं, तर म्हणाला, अक्षर तुझंच आहे. वर मलाच सुनावलं, "पोरीचं आजारपण काढून मला डॉक्टरकडे नेतेस? लाज वाटायला हवी." लेकीला म्हटलं, तू तुझ्या हाताने दोन ओळी पाठव. ती म्हणाली, "मला सांगायचं ते सांगून झालंय. यायचं नसेल तर नको येऊ देत." बापाचीच लेक, कुणी कुणाचं ऐकायचं? मधल्या मध्ये मी.

अशात सोमवारी सूचना वहीत कुणीतरी लिहून गेलं: "कुटीत सगळ्यात जास्त आवाज तिथलं दार करतं. नियम आधी त्याला वाचून दाखवा." खाली सही, एक नियमित पक्षीप्रेमी. साहेबांना हे वाक्य भारी आवडलं. त्यांनी त्याखाली लाल रेघ मारून वही माझ्याकडे पाठवली. मी मिस्त्रीला सांगितलं. हा मिस्त्री म्हणजे असा प्राणी की पिण्याच्या पाण्याचा नळ तीन महिने गळतोय, तर त्याला त्या बाजूला फिरकायला वेळ नाही. पण दाराचं काम त्याने त्याच संध्याकाळी उरकलं, तिन्ही बिजागऱ्यांना तेलाने न्हाऊ घालून. उत्साह उतू जायचा तो नेमका तिथे.

मंगळवारी दादा दुपारी जेवायला आला तो तोंड पाडून. बुधवारी आलाच नाही. मी डबा घेऊन कुटीत गेले. तो खिडकीपाशी बसला होता, दाराकडे पाठ, डायरी मांडीवर.

"काल एकदाही नाही," तो म्हणाला. "आजही नाही. गेले गं माझे कान."

इतक्या हळू आवाजात मी त्याला आयुष्यात बोलताना ऐकलं नव्हतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि त्याच वेळी मनात आलं, चला, आता तरी मान्य केलं. मी त्याच्या कानाला तोंड लावून म्हटलं, "मग लेकीचं खरं मान. आज रात्रीच्या गाडीने निघ."

"तिचा काय संबंध? ते गुरुवारी. गुरुवारी मला चांगलं ऐकू येत होतं. कान परवा गेले."

घ्या! म्हणजे कान गेले तरी घाट आहे तिथेच.

मी डोक्याला हात लावून बाकावर बसले. तेवढ्यात एक जोडपं आत आलं, मागून दोघे कॅमेरेवाले. दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. काही म्हणजे काही आवाज नाही. चौघं जण आले तरी मान वळवल्याशिवाय कळलं नसतं. मी दाराकडे बघत राहिले. बिजागरीखाली तेलाचा ओघळ आला होता. सोमवारी सहा, शनिवारी सत्तावीस, रविवारी एकेचाळीस. अरे देवा! रविवारी पक्षी खुशीत नसतो, रविवारी गर्दी असते.

खरं सांगते, क्षणभर वाटलं, गप्प बसावं. फडकं आणावं, तेल पुसून काढावं, चार दिवसांत दार पुन्हा किरकिरेल आणि हा माणूस पुन्हा खुशीत मोजत बसेल. कुणाचं काय बिघडतंय? पण बिघडत होतं. परवा शुक्रवार होता. तिकडे ती पोर, बाप आपल्यावर रुसलाय अशी समजूत करून घेऊन टेबलावर पडणार होती.

"दादा," मी म्हटलं, "तो वटवट्या नव्हता."

"काय?"

"वटवट्या नव्हता तो! दार होतं! हे दार वाजायचं!"

कॅमेरेवाल्यांपैकी एकाने "श्शू!" केलं आणि भिंतीवरच्या नवव्या नियमाकडे बोट दाखवलं. "तो नियम मीच लिहिलाय," मी म्हटलं. "तुम्ही तुमचे फोटो काढा."

दादा उठला. दारापाशी गेला. उघडलं, मिटलं. बिजागरीवर बोट फिरवून बोटाला लागलेलं तेल बघितलं. "कधी घातलं?"

"सोमवारी! संध्याकाळी!"

तो परत येऊन बसला. मला वाटलं, आता भडकणार, मलाच चार शब्द सुनावणार, दारसुद्धा माझंच कारस्थान म्हणणार. मी तयारीतच होते. पण तो बोटं मोजावीत तसा एकेक शब्द मोजत म्हणाला, "म्हणजे कान परवा नाही गेले."

मी मान हलवली.

"आधीच गेलेत."

मी पुन्हा मान हलवली.

"मग गुरुवारी… घाट म्हणाली नाही ती?"

"गाठ," मी म्हटलं, आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं.

त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. थोरला भाऊ असा बघवत नाही. "आणि मी काय म्हणालो तिला?" त्याने विचारलं. "मी काय म्हणालो गं?"

मी सांगितलं. खालच्या आवाजात सांगितलं, कारण ते मोठ्याने म्हणायला जीभ रेटेना.

त्याने कानामागे हात धरला. "काय?"

मग काय करणार! त्या चार परक्या माणसांसमोर, शांतता क्षेत्रात, मी घसा फाडून ओरडले, "'छान, छान. मजा कर' म्हणालास!"

या वेळी कुणी "श्शू" केलं नाही.

दादाने डायरी मिटून खिशात घातली. मग म्हणाला, "लाव फोन." कुटीत फोनला मनाई आहे. मी लावला. त्याच्यापुढे धरला, तर त्याने तो माझ्याकडेच सरकवला. "मला नको. तू ऐक आणि मला सांग. जसंच्या तसं सांग, पदरचं काही घालू नकोस."

तिकडून आवाज आला, "हं, आत्या. बोल." थंडगार.

दादा पुढे झुकला. फोनकडे तोंड करून, एकेक अक्षर सोडवून म्हणाला, "गाठ केवढी आहे, बाळा? मी येतोय. मी उद्या रात्रीपर्यंत तिथे पोचतो."

त्याचा आवाज, मशीनवर अठ्ठावीस वर्षं कमावलेला. मला मध्ये पडून सांगावं लागलंच नाही. पलीकडे जे सुरू झालं ते थांबेना. मी फोन कानाशी धरून नुसती बसले. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता, माझ्या ओठांकडे, डोळ्यांकडे.

"काय म्हणतेय?" त्याने माझा दंड हलवला. "अगं, सांग ना. काय म्हणतेय ती?"

"रडतेय, दादा!" मी ओरडून सांगितलं.