मान न हलवता

पोशेरा गावची हौशी सरपण फोडत होती, तेव्हा एक ढलपी उडून तिच्या डाव्या डोळ्यात घुसली. डोळा गेलाच. जखम भरली, पण जग सपाट होऊन बसलं. चहा ओतावा तर कपाच्या बाहेर, बांधावरून उतरावं तर पाऊल हवेत. नवरा लक्ष्या पुढे होऊन हात द्यायचा.

एकदा तुरीच्या शेंगा खुडताना तिच्या ध्यानात आलं, मान डावी-उजवीकडे झुलवली की जवळची शेंग झरकन सरकते, मागची तेवढी हलत नाही, त्यावरून कोण किती लांब ते कळतं. मग काय! हंडा उतरवायचा, मान झुलव. ओहोळ ओलांडायचा, मान झुलव. हळूहळू कामं पुन्हा तिच्या हातात आली.

लोक मात्र म्हणायचे, "हौशीच्या अंगात येतं."

नव्याण्णव साली लेकीचं, रामीचं, जव्हारच्या हरेशशी जमलं. तो कचेरीत शिपाई होता. त्याची आत्या घर बघायला आली नि हौशीकडे टक लावून बघत राहिली. "बाईला काही बाधा आहे का?" लक्ष्याने डोळ्याचं सांगितलं, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही.

ती गेल्यावर रामी म्हणाली, "आये, हळदीला नि लग्नाला मान नको हलवू. तेवढे दोनच दिवस."

"नाय हलवणार," हौशी म्हणाली.

हळदीला ती मान ताठ धरून बसली. बोटं हळदीत बुडवून तिने हात पुढे केला, तो रामीच्या गालाच्या वीतभर अलीकडेच थांबला. ती हवेलाच हळद फासू लागली. कुणीतरी फिसकन हसलं. रामीने पुढे वाकून गाल आईच्या बोटांखाली नेला.

"आये, हलव मान," ती कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते.

"शब्द दिलाय ना तुला."

दुसऱ्या दिवशी पाठवणीला हौशी तशाच ताठ मानेने ओट्यावरून उतरली. पायरीचा अंदाज चुकला आणि ती सगळ्या वऱ्हाडासमोर कोसळली. मांडीचं हाड मोडलं. लक्ष्या तिला जव्हारच्या दवाखान्यात घेऊन गेला, रामी नवऱ्याच्या जीपमध्ये बसून गेली.

हाड वाकडं जुळलं. हौशीचं शेतावर जाणं कायमचं सुटलं.

रामी माहेरी आली तेव्हा हौशी भिंतीला टेकून बसली होती.

"मीच तुला तसं सांगितलं, आये."

"तुला तरी काय ठावं होतं, पोरी?"

रामी फणी घेऊन आईच्या मागे बसली आणि केसांतला गुंता सोडवू लागली.