सातव्या विमानाचं वजन

शनिवारी सकाळी किलोकाकांनी स्वतःच्या हाताने चहात दोनदा साखर घातली आणि वर चहा गोडमिट्ट झाला म्हणून बायकोवर डाफरले. बायको काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. कालपासून तुमच्या अंगात काय संचारलंय, असं तिनं सरळ विचारलं. विमान भाची उडवणार, तिची आई ते बघायला एवढ्या लांबून आलेली, ती सुद्धा आत शांत झोपली आहे, आणि तुम्ही मात्र पायाला भिंगरी लावल्यासारखे घरभर फिरताय.  काकांनी चहा तसाच ओट्यावर ठेवला आणि कार्यक्रम अकराचा असताना सहालाच घराबाहेर पडले.

किलोकाका हे नाव विमान दुरुस्तीच्या हँगरमधल्या लोकांनी ठेवलेलं, आणि ते अगदी अंगाला बसलेलं. गेली सव्वीस वर्षं हा माणूस लढाऊ विमानांचं वजन करत आला होता. आता विमानाचं वजन म्हणजे काय, गाडी काट्यावर घातली आणि आकडा वाचला, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा येऊन बघावं. टाक्या रिकाम्या करायच्या, पंखे बंद करायचे, वाऱ्याची झुळूकसुद्धा नको म्हणून हँगरची अजस्र दारं ओढून घ्यायची, मग तिन्ही चाकांखाली एकेक काटा सरकवायचा. विमान किती जड आहे यापेक्षा ते कुठे जड आहे याला महत्त्व. नाक हलकं राहिलं तर विमान वर जाताना नको तितकं वर उसळतं, आणि ते आवरणं आत बसलेल्या माणसाच्या नशिबावर जातं. म्हणून नाकात शिशाच्या पट्ट्या बसवून तोल साधायचा. किती पट्ट्या, हे काका सांगणार आणि खाली सही करणार. ती सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नसे.

या वर्षी जुन्या विमानांना नवा साज चढवण्याचं काम चाललं होतं. आकडे दाखवणारे नवे पडदे, नव्या तारा, नवं रडार. नवं रडार जुन्यापेक्षा बरंच हलकं, बाकीच्या नव्या सामानानेही पुढचा भार कमी झालेला, त्यामुळे प्रत्येक विमानाच्या नाकात पाच पट्ट्या जास्तीच्या घालाव्या लागत होत्या. सहा विमानं अशी तयार झाली. सातवं आज समारंभात हवाई दलाच्या ताब्यात जायचं होतं, पाहुण्यांसमोर उडून. त्याच्या चाचण्या झाल्या होत्या, पण त्या वेळी नाकात मोजमापाची जड यंत्रं ठेवलेली होती. ती काढून मंगळवारी काकांनी शेवटचं वजन केलं. म्हणजे ज्या तोलाने ते आता उडणार, त्या तोलाने ते याआधी कधीच उडालेलं नव्हतं.

आणि ते उडवणार होती काकांची भाची. बहिणीची मुलगी, पण पाचवीपासून यांच्याकडेच वाढलेली. काकांना स्वतःचं मूल नाही, तेव्हा सगळे लाड आणि सगळा ओरडा तिच्याच वाट्याला. खरं तर हे उड्डाण दुसऱ्याच एका पायलटचं होतं. त्याला बुधवारी सर्दी झाली. सर्दीत कान बंद होतात आणि अशा माणसाला डॉक्टर वर जाऊ देत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरांनी त्याला घरी बसवलं आणि भाचीचा फोन आला, मामा, उद्या मी उडवणार. बायकोने तिथल्या तिथे तिच्या आईला फोन लावला आणि आई रात्रीच्या गाडीने येऊन हजर झाली. काका तेवढ्यापुरते हसले, वा म्हणाले, आणि तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं.

हँगरवर पोचल्यावर ते विमानाकडे गेलेच नाहीत. थेट स्टोअरमध्ये गेले. स्टोअरकीपरने एवढ्या लवकर काय काढलंत म्हणून विचारलं, तर त्याच्या हातातली किल्ली त्यांनी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

वजनाच्या दिवशी रडार जागेवर नसेल तर त्याच्या बदली तेवढ्याच वजनाचा लोखंडी ठोकळा नाकात बसवतात. मंगळवारी रडार त्यातला प्रोग्राम बदलायला बाहेर काढलेलं होतं, म्हणून ठोकळा बसवला होता. स्टोअरमध्ये असे दोन ठोकळे होते. एक जुन्या रडारचा, अठ्ठ्याण्णव किलोचा. दुसरा नव्याचा, सदुसष्ट किलोचा. दोन्ही एकाच कारखान्यातले, दोन्ही लाल, वजनाचा आकडा दोन्हींच्याही बुडाला. जुना खरं म्हणजे केव्हाच भंगारात जायचा. पण राहू दे, कधीतरी लागेल, असं म्हणून काकांनीच तो ठेवून घेतला होता. त्याच्या कडीला त्यांनी फार वर्षांपूर्वी कापड गुंडाळलं होतं, साखळीने उचलताना हाताला काचू नये म्हणून. नव्याची कडी उघडी, हाताला लागणारी.

काकांनी दिवा लावला. नव्या ठोकळ्यावर धुळीचा थर होता, सहावं विमान तोललं तेव्हापासूनचा, महिनाभराचा. जुना ठोकळा ढकलगाडीवर होता, स्वच्छ पुसलेला, आणि त्याला सातव्या विमानाचं लेबल लटकत होतं. मंगळवारी त्यांनी स्वतः हात घालून कापड गुंडाळलेल्या कडीचाच ठोकळा ओढला होता. हाताला सवय होती ना. कागदावर मात्र सदुसष्ट लिहिलं, कारण गेल्या सहा वेळा तेच लिहिलं होतं.

काका तिथेच एका खोक्यावर बसले. हिशोब करायला त्यांना कागद लागत नसे. नाकात एकतीस किलो फुकटचे धरले गेले होते. म्हणून तर मंगळवारी पाचच्या जागी दोनच पट्ट्या पुरतात असं उत्तर आलं. सगळे खूश झाले होते. मुख्य अभियंत्याने पाठ थोपटली होती, की शेवटी शेवटी आपली माणसं हलकं काम करायला शिकली बरं का. आज सकाळी त्या विमानाचं नाक जितकं जड असायला हवं त्यापेक्षा तीन पट्ट्यांनी हलकं होतं.

मुख्य अभियंता इस्त्रीचा नवा शर्ट घालून मांडवातल्या खुर्च्या मोजत उभा होता. काकांनी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आधी त्याच्या तोंडचं पाणी पळालं, मग तो भानावर आला आणि त्याने एकच गोष्ट विचारली, की तोल मर्यादेत बसतो की नाही. बसतो, काका म्हणाले, बोटभर आत बसतो. मग झालं तर, अभियंत्याने सुस्कारा सोडला. आज उडू दे, सोमवारी पट्ट्या घालू, कुणाला कळणारही नाही. काकांनी सांगितलं, की नुसतं आडवं जायचं असतं तर मीही डोळेझाक केली असती. पण कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय की धावपट्टी सोडल्या सोडल्या नाक वर करून सरळ आभाळात चढायचं. तिथे ते बोटभर पुरलं नाही तर खाली जमीन आहे. अभियंत्याने बराच वेळ आदळआपट केली. पाहुण्यांना काय सांगू, वरच्यांना काय सांगू, तुम्हाला आजच हे सुचावं का. शेवटी त्याने काखा वर केल्या. सही तुमची आहे, तुम्ही परत घ्या, मी घेणार नाही.

काकांनी सही परत घेतली. लाल पुठ्ठ्यावर कारण लिहिलं आणि तो पुठ्ठा स्वतःच्या हाताने विमानाच्या शिडीला बांधला.  राखीव म्हणून ठेवलेलं सहावं विमान बाहेर काढण्याचा हुकूम सुटला. पण त्याचा पायलट ठरलेला होता, महिनाभर त्यानेच त्या विमानावर सराव केलेला. म्हणजे भाचीचं उड्डाण गेलं.

हे तिला सांगायला काका स्वतःच गेले. पायलट लोकांच्या खोलीत ती पूर्ण पोशाखात बसली होती, हेल्मेट मांडीवर. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती, चेहऱ्यावरून कळत होतं. ती चिडली नाही. चिडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. आई पहिल्या रांगेत बसली आहे, एवढंच म्हणाली. मग ठोकळ्याचं सगळं नीट ऐकून घेतलं, आकडे विचारले, मनाशी जुळवून बघितले, आणि म्हणाली की बरोबर केलंस, मीही हेच केलं असतं. काकांचा जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यात तिने विचारलं,

"शंका कधी आली तुला, मामा? आज सकाळी?"

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच संपत होता. काकांच्या जिभेवर हो आलंही होतं. पण समोरची मुलगी त्यांच्या हाताखाली वाढलेली. गृहपाठात खाडाखोड दिसली की याच मामाने तिला उभं करून खरं काय ते वदवून घेतलेलं.

"मंगळवारी," ते म्हणाले. "दोनच पट्ट्या आल्या तेव्हाच मनात खुट्ट झालं होतं. स्टोअर वीस पावलांवर होतं. गेलो नाही."

भाचीने हेल्मेटवरचा हात काढला.

"मंगळवारी तर उडवणारी मी नव्हते, मामा."

ती एवढंच बोलली आणि उठून पोशाखाचे पट्टे सोडायला लागली. काका दाराशी उभे राहिले. त्यांना काहीतरी सारवासारव करायची होती. मंगळवारी कामाची घाई होती, परत तोलायचं तर अख्खा दिवस मोडला असता, सगळ्यांनी कौतुक केलं होतं. हे सगळं खरं होतं आणि यातलं काहीही तिला सांगण्याजोगं नव्हतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार ते व्यवस्थित जेवले होते. बुधवारी दुपारी तर ऑफिसात घोरत पडले होते. झोप उडाली ती शुक्रवारी, तिचा फोन आल्यावर. सव्वीस वर्षं सगळी विमानं सारखीच तोलतो असं ते लोकांना सांगत आले होते. स्वतःची एवढी किळस त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सहावं विमान अकराला उडालं, उभंच्या उभं आभाळात चढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. किलोकाकांनी वर पाहिलं नाही. पहिल्या रांगेत त्यांची बहीण ताठ बसली होती आणि त्यांच्याकडे बघायचं टाळत होती. कार्यक्रम संपला तशी लोकांची पांगापांग सुरू झाली. विमान का बदललं हे एव्हाना कानोकानी सगळीकडे झालं होतं, आणि लोक काकांकडे कौतुकाने बघत होते. एकाने तर फोटोही काढला. काकांना कधी एकदा घरी जातोय असं झालं होतं, पण वाटेत एक बाई आडव्या आल्या.

साधारण त्यांच्याच वयाच्या. खांद्याला पिशवी, डोळे भरलेले. त्यांनी दोन्ही हातांनी काकांचा हात धरला आणि सांगितलं की ज्याला सर्दी झाली त्याची मी आई. मुलाने आत्ताच सगळं सांगितलं. आज तोच जायचा होता, सर्दी नसती तरी तुम्ही त्याला असंच थांबवलं असतंत.

"तुमच्यासारखी माणसं खाली आहेत म्हणून आम्ही घरी निवांत असतो हो," बाई म्हणाल्या.

थोड्या अंतरावर भाची साध्या कपड्यांत आईजवळ उभी होती. तिने हे ऐकलं. ती मामाकडे बघत राहिली. काकांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, बाईंनी सोडला नाही.

"मला मंगळवारीच शंका आली होती," काका म्हणाले. "तेव्हा तुमचा मुलगा उडवणार होता. मी गप्प बसलो. काल माझ्या भाचीचं नाव आलं, तेव्हा आज जाऊन बघितलं."

बाईंना आधी कळलंच नाही. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. मग ते हळूहळू उतरलं.

"गप्प का बसलात?"

"लाज वाटली. सव्वीस वर्षांत कधी परत तोलायची वेळ आली नव्हती माझ्यावर."

बाईंनी हात सोडला. मांडवाच्या टोकाला त्यांचा मुलगा रुमाल नाकाला लावून दोस्तांशी हसत उभा होता, तिकडे त्यांनी पाहिलं.

"बुधवारपासून मी त्याच्या मागे लागले होते," त्या म्हणाल्या. "वेळेवर औषध घे, वाफ घे, शनिवारपर्यंत काही करून बरा हो म्हणून."

आणि पिशवी खांद्यावर सावरून त्या मुलाकडे निघून गेल्या.