ज्याच्या मांडीवर उशी, त्याने बोलायचं

मी उशी बोलतेय. डोक्याखाली घेऊन घोरायची नव्हे हं, मांडीवर घेऊन बोलायची. कॅन्सरच्या दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या ताईंच्या खोलीत माझा मुक्काम असतो.

सोफ्याच्या उरलेल्या कापडातून माझा जन्म झाला. चार कोपऱ्यांना चार गोंडे, काय ऐट होती माझी! दुकानात सगळ्यांनी मला दाबून पाहिलं, विकत मात्र ताईंनीच घेतलं. वाटलं, आता दिवाणखान्यात मिरवायचं. कसलं काय! पहिल्याच दिवशी एका आजींनी माझ्यात तोंड खुपसून मनसोक्त रडून घेतलं. पुढे सवय झाली.

इथे येणारी माणसं मोठी गमतीची. प्रश्न विचारायचा आजारी माणसाला आणि उत्तर द्यायचं सोबत आलेल्याने! म्हणून ताईंनी नियमच केला: ज्याच्या मांडीवर उशी, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं.

एकदा प्लंबरकाका आणि काकू आले. काकांचे उपचार अर्धे झाले होते आणि पुढचे घ्यायचेच नाहीत म्हणून ते हटून बसले होते. धड जेवत नव्हते, कोणाशी बोलत नव्हते. डॉक्टरांनीच त्यांना ताईंकडे पाठवलं होतं.

"काका, झोप लागते का?" ताईंनी विचारलं.

"लागते की, छान लागते," काकू म्हणाल्या. "मी यांना सारखी सांगते, हसत राहा, काही होत नाही."

ताईंनी मला उचललं आणि काकांच्या मांडीवर ठेवलं. दोघांना नियमही सांगितला. बराच वेळ काका माझा गोंडा पिळत बसले. शेवटी तो तुटून हातात आला. मी मुकाट सोसलं.

"झोप लागत नाही," ते म्हणाले. "भीती वाटते. घरी तसं बोललं की सगळे गप्प करतात. मग बोलणंच सोडलं मी."

काकूंनी हात पुढे केला. "द्या ती इकडे."

मला पोटाशी गच्च धरून त्या म्हणाल्या, "मलाही वाटते हो. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून रडते मी."

काका बघतच राहिले. "म्हणून टाकी रिकामी होते होय? अगं, मला वाटलं वॉशर गेला. उठून बघायचीही इच्छा होत नव्हती, आणि त्याचीच लाज वाटायची."

दोघं हसायला लागले. हसता हसता रडले, आणि भिजले मी.

"काका, हे नैराश्य आहे," ताई म्हणाल्या. "या आजारात पुष्कळांना येतं. लाजायचं काही कारण नाही. त्यावरही इलाज आहे. दर आठवड्याला येऊन बोला, लागलं तर डॉक्टर औषधही देतील."

काका लगेच हो म्हणाले नाहीत. बघू म्हणाले. पण पुढच्या आठवड्यात आले, त्याच्या पुढच्याही. आणि एक दिवस राहिलेले उपचार सुरू करूनच आले. थकले होते, तरी खोलीतल्या बेसिनचा नळ गळतो म्हणून ताईंना दोन शब्द सुनावलेच.

हल्ली माझा रंग उडालाय, कापूस एका बाजूला गोळा झालाय. ताई नवी उशी आणायचं म्हणतात. खुशाल आणा बाई, मला खुर्चीच्या पाठीशी ठेवलंत तरी चालेल. आणि वाचणाऱ्यांनो, घरात कोणी आजारी असेल, तर 'काही होत नाही' म्हणण्याआधी एक उशी त्यांच्या मांडीवर द्या आणि जरा गप्प बसा.

परवा ताईंनी काकांना विचारलं, "घरी कसं काय?"

काकांनी मला मांडीवर घेतलं. "काल ही पुन्हा रडली," ते म्हणाले. "पण नळ बंद होता. माझ्या शेजारी बसली होती."